शिशावरून रॉड: किनाऱ्यावरून गरवण्यासाठी केलेली निवड

किनाऱ्यावरून गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, रॉड घ्यायला गेलं की दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती फुटी देऊ?" आणि दुसरा, "किती किलोचा मासा काढायचाय?" दोन्ही प्रश्नांची उत्तरं सुरुवातीला देऊ नयेत असं माझं मत आहे. मासा रॉडने उचलला नाही, तर त्याचं पूर्ण वजन रॉडवर कधी येतच नाही. मासा पाण्यात असतो, आणि त्याची ओढ वाढली की रीलचा ड्रॅग, म्हणजे दोऱ्याचा ब्रेक, दोरा सोडतो. प्रत्येक फेकीला रॉडला पेलावं लागतं ते शिसं, म्हणजे दोऱ्याला बांधलेलं वजन. दिवसभरात मासा दोनदा लागेल, शिसं मात्र पन्नास-शंभर वेळा भिरकवायचं असतं. म्हणून या वेळी रॉड निवडताना मी सुरुवात शिशापासून केली, आणि शिसं किती लागेल हे कळावं म्हणून त्याआधी जागा मोजल्या.

कोकणात किनाऱ्यावरून गरवायच्या जागा साधारण तीन प्रकारच्या: पुळण (वाळूचा किनारा), कातळ किंवा खडप, आणि खाडीचं तोंड किंवा पकटी (धक्का). तिन्हीकडे एकच रॉड चालवायचा हट्ट धरला तर तो तिन्हीकडे अर्धवट चालतो. माझ्याकडे कातळावरचा ९ फुटी रॉड होता, पुळणीसाठी नवा घ्यायचा होता. त्यामुळे मोजमाप मुख्यतः पुळणीचं झालं.

पुळणीवर रॉडची लांबी ठरवते ती वाळूची उतरण. मुंबई-अलिबागकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या जवळ जातो, दक्षिणेला मालवण-वेंगुर्ल्याकडे तो अडीच मीटरच्या आसपास राहतो. अलिबागला ओहोटीत कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं, इतकी ती जमीन सपाट. उतरण ५० ला १ असेल आणि पाणी अडीच मीटर चढत असेल, तर पाण्याची कड सव्वाशे मीटर मागे-पुढे सरकते. अशा ठिकाणी ओहोटीच्या कडेला उभं राहून पन्नास मीटर फेकलं तरी शिसं कमरेएवढ्याच पाण्यात पडतं. तिथे लांब रॉड घेऊन फरक पडत नाही, वेळ बदलून पडतो. जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. तासा-अर्ध्या तासाचा फरक धरला तरी जायचं कधी हे ठरवायला एवढं पुरतं.

मी अमावास्येनंतरच्या उधाणात, पूर्ण ओहोटीला पुळणीवर गेलो. सुकलेलं शेवाळ आणि शिंपल्यांची रेघ जिथे होती ती भरतीची हद्द. तिथून पाण्यापर्यंत पावलं मोजली, १४० भरली. मधे किनाऱ्याला समांतर एक लांबट खोलगट पट्टा दिसत होता, त्यात पाणी साचून राहिलं होतं. चढत्या पाण्यात रावस, शिंगाळा, पाकट याच घळीतून फिरतात, कारण लाटेने उकरलेलं खाद्य तिथे येऊन बसतं. अर्धी भरती असताना मी जिथे उभा राहीन तिथून या घळीच्या मध्यापर्यंतचं अंतर ५० ते ६० मीटर निघालं. म्हणजे आमिषासकट ६५-७० मीटर फेक जमली की काम झालं. दीडशे मीटरची फेक करणारे रॉड असतात, पण त्या फेकीला मैदानी सराव लागतो आणि इथे तिची गरजही नव्हती. मुडदुशी तर याहून जवळ, फुटणाऱ्या लाटेच्या लगेच मागे १५-२५ मीटरवर असते. तिच्यासाठी ७-८ फुटी, ५ ते २० ग्रॅमचा हलका रॉड, लहान गरी आणि कोळंबीचा नखाएवढा तुकडा पुरतो. पुळण म्हटलं की लांबच रॉड, हे खरं नाही.

आता शिसं. किती शिसं घळीत टिकतं हे रॉडशिवायही तपासता येतं. गुडघाभर पाण्यात उभं राहून हातदोरीने वेगवेगळी वजनं टाकली आणि दोरी बोटावर धरून प्रत्येक वजनाला पाच-पाच मिनिटं दिली. भांगाच्या दिवशी, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असताना, ६० ग्रॅमचं पिरॅमिड शिसं वाळूत रुतून राहिलं. उधाणाच्या दिवशी तेच शिसं लाटांबरोबर कडेकडेने सरकत किनाऱ्याला आलं. गोल गोळी तर दोन्ही दिवशी घरंगळली. उधाणाला ९० ते १०० ग्रॅम पिरॅमिड टिकलं. तारांच्या चार नख्या असलेलं शिसं ८५ ग्रॅममध्येही टिकलं. हे हातदोरीचं माप थोडं कमीच येतं. रॉडने लांब फेकलेल्या दोऱ्याची जास्त लांबी पाण्यात असते, त्यावर प्रवाह जास्त ओढतो. म्हणून १०० ग्रॅम धरले.

खडपात शिसं अडकून तुटतंच. तिथे पुष्कळजण जुने स्पार्क प्लग वापरतात, ते साधारण ५० ग्रॅम भरतात. प्लग मुख्य दोऱ्यापेक्षा कमी ताकदीच्या तंगुसाने (नायलॉनच्या दोऱ्याने) बांधला की अडकल्यावर तेवढाच तुटतो, गरी आणि मासा हाती राहतो. पुळणीवर मात्र प्लग चालत नाही, गोल असल्यामुळे लोळतो.

या शंभरात आमिषाचं वजन मिळवायला बहुतेकजण विसरतात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळं ठेवून पाहिलं: सोललेली मध्यम कोळंबी ८-१० ग्रॅम, अख्खी तारली ३०, बोयचा अर्धा तुकडा २५, गरी, स्विव्हल (फिरती कडी) आणि लीडर (पुढचा जाड दोरा) मिळून ५. म्हणजे १०० चं शिसं असलं तरी टोकाला लटकतात १३०. रॉडवर लिहिलेल्या कमाल वजनाच्या तीन-चतुर्थांशापर्यंतच रोज फेकावं हा माझा नियम आहे, कारण छापलेला आकडा नितळ फेकीचा असतो आणि लाटांत उभं राहून, ओल्या हाताने, कधी झटक्यात केलेली फेक तशी नसते. १३० हे पाऊण धरले तर कमाल १७५ च्या आसपास हवी. दुकानांत सहज मिळणाऱ्या मापांत ८०-१५० कमी पडत होतं, १००-२५० जास्त ताठ होतं. १००-२०० बसलं. जास्त ताठ रॉड घेऊन ठेवावा असं वाटतं, पण २५० ग्रॅमचा रॉड १३० ला वाकतच नाही. वाकला नाही तर त्यात जोर साठत नाही, आणि मग सगळी फेक खांद्याने करावी लागते.

रॉडवरचे आकडे वाचताना एक घोटाळा नेहमी होतो. ग्रॅम किंवा औंसात जे लिहिलेलं असतं ते फेकायचं वजन. पौंडात जे लिहिलेलं असतं ती दोऱ्याची ताकद. "३० पौंड" वाचून तेरा-चौदा किलोचा मासा उचलता येईल असा अर्थ काढला की पकटीवर चार किलोचा मासा उभा उचलताना टोक तुटतं. औंस दिसला तर २८ ने गुणावं. जपानी रॉडवर शिशाचा क्रमांक असतो, एक क्रमांक म्हणजे ३.७५ ग्रॅम. २५ क्रमांक म्हणजे सुमारे ९४ ग्रॅम, ३० म्हणजे सुमारे ११२.

लांबीला इतक्यानंतर हात घातला. लांब रॉडचे पुळणीवर दोन फायदे. एक, फेकीत टोकाचा वेग वाढतो. दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो: रॉड वाळूतल्या पाइपात उभा केल्यावर दोरा पहिल्या दोन लाटांच्या वरून जातो. ९ फुटी रॉड उभा केला तर टोक तीन मीटरच्या आत-बाहेर राहतं. १३ फुटी केला तर सव्वाचार मीटरवर जातं. जवळची फुटणारी लाट दोऱ्यावर आदळली की ती शिसं उपटते आणि फेसातलं शेवाळ दोऱ्यावर गोळा होत जातं. तो सव्वा मीटर तिथे उपयोगी पडतो.

पण लांबीची किंमत हाताला मोजावी लागते. बट, म्हणजे रॉडचं खालचं टोक, कमरेला टेकवून ड्रॅग दोन किलोवर ठेवला, ९ फुटी रॉड वाकून त्याचं टोक बटापासून आडवं दोन मीटरवर आलं आणि पुढचा हात बटापासून अर्ध्या मीटरवर असला, तर हाताला चौपट म्हणजे आठ किलो जोर लावावा लागतो. १३ फुटी रॉडचं टोक तीन मीटरवर जातं. हात तिथेच ठेवला तर तोच जोर बारा किलो होतो. हात पाऊण मीटरवर नेला तर परत आठ. म्हणून लांब रॉडला रील बसायची जागा बटापासून लांबच हवी. तपासायची रीत सोपी आहे: बट काखेत धरायचं, हात सरळ पुढे करायचा, रीलचा दांडा बोटांमध्ये आरामात यायला हवा. साडेपाच फूट उंचीच्या माणसाला हे अंतर ६५ ते ७५ सेंटीमीटर येतं. १४ फुटी रॉडांत ते बऱ्याचदा ८५ च्या पुढे असतं आणि बुटक्या माणसाचा फेकताना पुढचा हात अवघडतो. मी ३.९ मीटर म्हणजे पावणेतेरा फुटांवर थांबलो. जिथे पुळणीमागे लगेच सुरूचं बन आहे आणि भरतीला मागे वीसच पावलं जागा उरते, तिथे बारा फुटी बरा. मागे नेलेलं शिसं सुरूच्या फांदीत अडकलं आणि फेक पुढे निघाली तर रॉडचं टोक जाग्यावर मोडतं. माडांच्या बागेतून जाणाऱ्या विजेच्या तारांकडेही बघून घ्यावं, कार्बन वीज वाहून नेतो. गडगडाट सुरू झाला की रॉड आडवा ठेवायचा आणि किनारा सोडायचा.

कातळाचं गणित वेगळं आहे. तिथे पाणी पायाशीच खोल असतं, लांब फेकायची गरज कमी. रॉडची लांबी लागते ती दोरा कडेच्या कालवांपासून दूर धरायला. कालवांची धार ब्रेडला, म्हणजे विणलेल्या दोऱ्याला, एका घासात कापते. तांबोशी आणि गोबरा आमिष घेऊन सरळ कपारीत शिरतात, त्यांना पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच थांबवावं लागतं. म्हणून तिथे ९ ते १० फूट, २० ते ८० ग्रॅम, टोक नरम असलं तरी खालचा तिसरा हिस्सा जाड आणि ताठ असलेला रॉड हवा. यापेक्षा लांब रॉड कातळावर पाय सांभाळत वळवता येत नाही. खाडीच्या तोंडाशी जिताड्यासाठी, ज्याला दक्षिणेकडे चोणक म्हणतात, हाच रॉड चालतो. पकटीवर मासा उचलायला रॉड वापरूच नये. लांब दांड्याची जाळी किंवा दोरीला बांधलेली टोपलीसारखी जाळी सोडावी.

आता मटेरियल. फायबरग्लास जड आणि सहनशील. दगडावर आपटला, गाडीत दाबला गेला तरी बहुधा निभावतो. कार्बन हलका, टोकाशी काय चाललंय ते हाताला कळवणारा, पण एका जागी बसलेला ठोका तो विसरत नाही. शिसं लटकत असताना ते रॉडच्या अंगावर टक्कन आपटलं की आत बारीक तडा जातो आणि महिन्याने, भलत्याच हलक्या फेकीला, तिथेच रॉड दोन होतो. घेणाऱ्याला वाटतं माल खराब होता. विक्रेते "३० टन", "४० टन" सांगतात, तो आकडा कार्बनच्या ताठपणाचा आहे, मजबुतीचा नाही. टन जितके जास्त तितका रॉड हलका, चपळ आणि ठोक्याला नाजूक. पुळणीच्या रॉडला २४ ते ३० पुरे. दोन्हींचं मिश्रण असलेले रॉड वजनाला शंभरेक ग्रॅम जास्त भरतात, पण ज्याला रॉड पाइपात उभाच ठेवायचा आहे त्याने तेच घ्यावेत. माझा रॉड कार्बनचा, ४९० ग्रॅमचा.

घडीचा रॉड की जोडाचा? टेलिस्कोपिक रॉड एसटीत, दुचाकीवर न्यायला सोयीचा, हे कबूल. पण पुळणीवर वारा कोरडी वाळू उडवत असतो. तिचे कण घड्यांच्या आत शिरतात, मग एक तर घडी बसत नाही, नाहीतर बसलेली सुटत नाही. फेकीत एखादी घडी अर्धा इंच आत सरकली तर त्यावरची दोरा ओवायची कडी फिरते आणि दोरा तिरका घासतो. मी तीन तुकड्यांचा घेतला, एकेक तुकडा १३५ सेंटीमीटरच्या आसपास. तो अडीच इंची पीव्हीसी पाइपात, दोन्ही बाजूंना झाकण आणि तळाला स्पंजचा तुकडा घालून, रेल्वेच्या वरच्या बर्थवर कडेला बसतो. जोड तपासताना तुकडे फिरवत घट्ट बसवायचे आणि रॉड हलकेच झटकायचा. "टक टक" आवाज आला तर जोड ढिला आहे. आतल्या खुंटीवर दांडा बसणाऱ्या जोडांत मधे सेंटीमीटरभर फट मुद्दाम ठेवलेली असते, जोड झिजत जातो तसा तुकडा आणखी आत बसावा म्हणून. ती फट दोष समजून ठोकून बसवू नये.

दुकानात सगळ्यात जास्त वेळ कड्यांना द्यावा, म्हणजे दोरा ज्यातून जातो त्या गाइडना. मी ज्या चार रॉडांवर हात फिरवला त्यांतल्या एकाच्या पहिल्या कडीत कापसाचा बोळा फिरवल्यावर दोन तंतू अडकून राहिले. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. नख फिरवलं तेव्हा आतल्या सिरॅमिकच्या रिंगेवर केसाएवढी चीर लागली. ब्रेड अशा चिरेवरून पन्नास वेळा गेला की त्याचे तंतू पिंजतात आणि एका फेकीला शिसं एकटंच समुद्रात जातं. आतली रिंग सिलिकॉन कार्बाइडची असेल तर उत्तम, अॅल्युमिनियम ऑक्साइडची चालते, नुसती मुलामा दिलेली धातूची कडी ब्रेडसाठी घेऊ नये, काही दिवसांत तिला खाचा पडतात. कडीचे पाय दोऱ्याने गुंडाळून वर लाखेसारखा लेप दिलेला असतो. तो पायाच्या टोकाशी नीट पाहावा. तिथे पांढुरकी रेघ दिसली तर लेप सुटलेला आहे, मीठ आत शिरणार आणि गंज बाहेर यायच्या आधीच पाय सैल होणार. मग जोडलेला रॉड बंदुकीसारखा डोळ्याला लावून सगळ्या कड्या एका रेषेत आहेत का ते बघायचं. पहिली कडी मोठी हवी. ६०००-८००० आकाराच्या रीलवरून ब्रेड मोठमोठ्या वेटोळ्यांत सुटतो आणि २५ मिलिमीटरच्या कडीवर तो थडाथडा आपटतो, गाठी पडतात. माझ्या रॉडला ४० ची आहे. आणि टोकाची कडी इतकी रुंद हवी की लीडरची गाठ न अडखळता निघावी. ९ फुटी रॉडच्या बारीक टोकातून जाड लीडरची गाठ अडखळते, तिथून निम्मे अपघात सुरू होतात.

रीलची बैठक धातूची किंवा चांगल्या ग्रॅफाइटची, पण आटे स्वच्छ हवेत आणि रील बसवून पिळलं तर हलता कामा नये. रील घरून घेऊनच दुकानात जावं. त्यामुळे तोलही कळतो: रील लावून रॉड एका बोटावर तोलला तर बोट पुढच्या मुठीवर कुठेतरी यावं. तो पार पुढे गेला तर दोन तासांत मनगट भरून येतं.

दुकानात वाकवून बघताना टोक छताला टेकवून दाबायचं नाही, आणि कुणी टोक हातात धरून ओढायला लागलं तर थांबवायचं. अशाने सगळा भार टोकाच्या वीतभर भागावर येतो, आणि तेवढ्यात तुटलेला रॉड कुणाचा हा वाद होतो. खरी चाचणी पाण्याच्या बाटलीने होते. दोरा सगळ्या कड्यांतून काढून लिटरच्या भरलेल्या बाटलीला बांधायचा, रॉड जमिनीशी ४५ अंशांत धरायचा आणि सावकाश उचलायचं. एक किलोला माझ्या रॉडचा वरचा तिसरा हिस्सा वाकला, दोन लिटरला वाक मधल्या जोडाच्या खाली उतरला. वाक एकसारखा, कोपरा न पडता उतरला पाहिजे. जोडाशी तो सपाट होऊन पुढे एकदम वळत असेल तर तो जोड जास्त ताठ आहे आणि मोडला तर त्याच्याच काठावर मोडेल. रॉड उभ्याच्या पलीकडे, पाठीमागे न्यायचा नाही, चाचणीतही नाही आणि माशाशी झुंजतानाही नाही. पायाशी आलेला मासा उचलायला रॉड पाठीकडे नेला की वाक पूर्ण टोकात जमतो. माझ्या पाहण्यातले बहुतेक रॉड असेच मोडले.

रॉड ठरला की बाकीचं त्यामागून येतं. रील ६००० ते ८००० आकाराची, ब्रेड सुमारे ०.२३ मिलिमीटरचा, ३० पौंडी, किमान २०० मीटर. पुळणीवर यापेक्षा जाड ब्रेड वारा आणि प्रवाह दोन्ही पकडतो. फेकीचा झटका ब्रेडवर येऊ द्यायचा नाही, त्यासाठी पुढे जाड तंगुसाचा लीडर. त्याचा नियम जुना आणि पक्का आहे: शिशाच्या दर औंसाला १० पौंड. १३० ग्रॅम म्हणजे साडेचार औंसाच्या थोडं वर, म्हणून ५० पौंडी. लांबी अशी, की शिसं फेकीच्या स्थितीत लटकत असताना लीडरचे निदान पाच-सहा वेढे रीलवर असावेत. माझ्या रॉडला तो आठ-नऊ मीटर भरतो. या बाबतीत काटकसर करू नये. फेकीच्या मध्ये दोरा तुटला तर शंभर ग्रॅम शिसं गोळीसारखं जातं, आणि ते कुठे जाईल हे फेकणाऱ्याच्या हातात राहत नाही. पुळणीवर मुलं खेळत असतात, माणसं फिरत असतात. माझ्या आठ हजारांच्या हिशेबात रॉडला निम्मे, रीलला तीन आणि ब्रेड-लीडरला हजार असे धरले होते. रॉडवरच सगळे पैसे घालवून स्वस्त दोरा गुंडाळणं हा चुकीचा हिशेब आहे.

पहिल्या दिवशी पुळणीवर आमिष न लावता सुरुवात केली. ६० ग्रॅम, मग ८०, मग १००, प्रत्येकी पाच फेकी. शिसं टोकापासून दीड मीटर खाली लटकत ठेवलं, मागे वाळूवर डोकावून पाहिलं, मग वरचा हात ढकलत आणि बटाचा हात छातीकडे ओढत फेक. बटाचा हात ओढला नाही तर लांब रॉडचा उपयोगच होत नाही, हे सगळ्यांत आधी शिकायचं. तर्जनीला चामड्याचा बोटमोजा हवा. नसेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चालतो. जड शिशाला ब्रेड बोट चिरतो. रीलच्या बेलची कमान (दोरा रीलवर वळवणारी तार) फेकीत आपोआप बंद होते का हे १०० च्या फेकीला कळतं. होत असेल तर ते रील या रॉडला चालणार नाही, कारण बंद कमानीवर दोरा ताणला जाऊन तिथेच तुटतो. फेकीचं अंतर रीलच्या हँडलचे फेरे मोजून काढलं, माझं रील एका फेऱ्याला सुमारे एक मीटर गुंडाळतं. ६० ला ५५ फेरे, १०० ला ८० च्या वर. बोयचा तुकडा लावल्यावर वाऱ्याला अडकून तेच ६८-७० वर आलं. हवं होतं तेवढंच.

रॉड रोवायला दीड इंची पीव्हीसी पाइपाचा मीटरभर तुकडा, एक टोक तिरकं कापलेलं, हातभर वाळूत ठोकला. उधाणात पाणी पायथा खणतं, म्हणून दर अर्ध्या तासाने तो पुन्हा दाबावा लागतो आणि पाण्याबरोबर मागे न्यावा लागतो. ड्रॅग थोडा सैल सोडावा. मोठी पाकट लागली तर आवळलेल्या ड्रॅगचा रॉड पाइपासकट समुद्रात जातो. पाकट काढताना शेपटीचा काटा आणि शिंगाळ्याचे तिन्ही काटे सांभाळावेत. गरी चिमट्याने सोडवावी किंवा दोरा सरळ कापावा.

त्या दिवशी चौथ्या तासाला मधला जोड किंचित फिरलेला सापडला, दोन कड्या एका रेषेत नव्हत्या. नव्या रॉडचे जोड गुळगुळीत असतात. जोडाच्या आतल्या बाजूला मेणबत्तीचा पातळ हात फिरवल्यावर तो फिरायचा थांबला. मेण जास्त लावलं तर थंड रात्री जोड सुटत नाही. अशा वेळी रॉड गुडघ्यामागे आडवा धरून, दोन्ही हात पायांच्या बाहेर ठेवून, गुडघे फाकवत सरळ ओढावा. पिळू नये, आणि कडी धरून तर मुळीच पिळू नये.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुताना जोराचा फवारा मारायचा नाही, तो मीठ कडीच्या पायाखाली आणि बैठकीच्या आट्यांत ढकलतो. साध्या धारेखाली, रील काढून, बैठकीचे आटे शेवटपर्यंत उघडून धुवायचा आणि तुकडे वेगवेगळे उभे ठेवून सावलीत वाळवायचे. ओला रॉड पाइपात घालून झाकण लावलं तर आठवड्यात कड्यांच्या पायांशी हिरवट डाग दिसायला लागतात. मी दर चार-पाच वेळांनी कापसाचा बोळा सगळ्या कड्यांतून फिरवतो. टोकाच्या कडीपासून सुरुवात करतो, कारण पाइपात आत-बाहेर होताना सगळ्यात आधी तिलाच ठोका बसतो. टोकाची जादा कडी आणि ती गरम करून चिकटवायचा गोंद पिशवीत असावा. लायटरच्या आचेवर गोंद वितळवून ती किनाऱ्यावरही पाच मिनिटांत बदलता येते. आच गोंदाला द्यायची, कार्बनला नाही.